मंत्रिमहोदय, आधी पाय बघू या

मा. प्रतापराव जाधव,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार) आणि आरोग्य व कुटुंबकल्याण राज्यमंत्री,
नवी दिल्ली



मी बीएएमएस वैद्य आहे. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. आयुष आणि आरोग्य ही दोन्ही खाती आज आपल्याकडे आहेत, आणि मला जे मांडायचं आहे ते नेमकं या दोन खात्यांच्या मधल्या बोळात पडून आहे. विषय आहे मधुमेहानं बधिर झालेल्या पायांचा. मोठ्या दवाखान्याच्या ओपीडीत ते बघायला कुणाला वेळ नसतो. आमच्याकडे वेळ असतो, पण पाय बघण्याआधीच काढा लिहून होतो.

आमच्या भागात या दुखण्याला न्यूरोपॅथी कुणी म्हणत नाही. ‘मुंग्या येतात’, ‘तळव्याची आग आग होते’, ‘कापसावर चालल्यावानी वाटते’, ‘चप्पल कवा निंगून गेली समजलंच नाही’. पांघरुणाचा स्पर्शही टोचतो म्हणून पाय बाहेर काढून झोपणारी माणसं कायम येत असतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की शरीरातल्या सगळ्यात लांब नसांना आधी मार बसतो. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. कित्येकांना तर आग नाही, मुंग्या नाहीत, काहीच नाही. त्यांना पहिली खबर जखमच देते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की ही आग पुष्कळदा आपली आपण थांबते. नस पुरती निकामी झाली की ती दुखण्याचा निरोपही पाठवत नाही. रुग्णाला वाटतं, उतार पडला. त्या महिन्यात तो जे काही घेत असेल त्याला श्रेय मिळतं. माझं चूर्ण असो, टीव्हीवरचं तेल असो की कुणी जंगलातून आणून दिलेली मुळी असो. तो चार जणांना सांगतो, चार जण तेच घेतात. आमच्या धंद्यातल्या निम्म्या यशोगाथांची तपासणी केली तर त्यात असे मेलेले तळवे किती निघतील याचा मला धसका वाटतो. म्हणून ‘आग थांबली का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘स्पर्श परत आला का?’ हे तपासावं लागतं, आणि ते कुणी तपासत नाही.

गेल्या हंगामात एक शेतकरी पोटाच्या तक्रारीसाठी आले होते. मधुमेह जुना, गोळ्या चालू. मी चप्पल काढायला सांगितली तेव्हा ते जरा ओशाळले, पाय मातीनं भरले होते. उजवी चप्पल उचलली तर टाचेशी एक बारीक खिळा तळातून वर आला होता आणि त्याच जागी टाचेला वाटाण्याएवढं भोक. कडा पांढऱ्या, आत ओल, वास सुरू झालेला. त्या चप्पलवर ते सकाळपासून फवारणी करून आले होते. मी टाच दाबली, त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलवली नाही. बायको म्हणाली, ‘अंगणात रक्ताचे ठिपके दिसले तवा मले वाटलं मांजरीनं काही मारलं.’ त्यांची टाच वाचली, कारण ती वेळेत दिसली. पण ते पोटासाठी आले होते, हे मला विसरता येत नाही. सोयाबीन काढल्यावर उरलेली धसकटं, तुरीच्या खुट्या, बाभळीचा काटा हे सगळं आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रत्येक धुऱ्यावर आहे. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता आमच्या ग्रंथांकडे येते, कारण आपल्या मंत्रालयाचा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेह (लघवीच्या विकारांचा तो गट, ज्यात मधुमेह येतो) पुरता प्रकट होण्याआधीची लक्षणं सांगितली आहेत. केसांच्या जटा होणं, तोंड गोड पडणं, घसा कोरडा पडणं, लघवीला मुंग्या लागणं, आणि याच रांगेत हातापायांचा बधिरपणा आणि दाह. म्हणजे पायांची तक्रार ही शेवटची गुंतागुंत नसून आधीची सूचना असू शकते, असं त्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी टिपलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांतही नसा बिघडलेल्या सापडतात, हे आधुनिक वैद्यकानं अलीकडे मान्य केलं. सुश्रुत तर पुढे जाऊन सांगतो की मधुमेह्यांना होणाऱ्या पिडका, म्हणजे गळवं, शरीराच्या खालच्या भागात येतात, कारण दोष वर उचलून नेण्याची वाहिन्यांची ताकद संपलेली असते. कारणमीमांसा त्या काळाची आहे, ती आजच्या रक्ताभिसरणाच्या पुस्तकावर चिकटवायची मला गरज वाटत नाही. निरीक्षण मात्र बिनतोड आहे. पादहर्ष आणि पाददाह या झिणझिण्या आणि आगीच्या विकारांना सुश्रुतानं वातव्याधींमध्ये स्वतंत्र जागा दिली आहे.

आणि याच ग्रंथांनी प्रमेहाच्या वीस प्रकारांपैकी चार वातज प्रकार, ज्यांत मधुमेह येतो, असाध्य म्हणून बाजूला काढले आहेत. चरकाच्या नावानं ‘मधुमेह मुळापासून’ विकणाऱ्यांनी चरक उघडला असता तर त्यांची जाहिरात तिथेच संपली असती.

पण ग्रंथ बघायचा तर सगळा बघायचा. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात निर्धन प्रमेह्यासाठी एक उपाय आहे: पायात काही न घालता, छत्री न घेता, भिक्षेवर राहून शंभर योजनं चालत जावं. चालण्याचा आणि अन्न कमी करण्याचा तो सल्ला इतक्या शतकांनीही ताजा वाटतो. अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र बधिर तळव्यांच्या माणसाला आज कुणी दिला तर मी त्याला वैद्य म्हणणार नाही. आणि गंमत अशी की त्यावरचा उतारा आमच्याच घरात आहे. चरकानं दिनचर्येत पादत्राणांची शिफारस पायांच्या रक्षणासाठी केली आहे आणि पायांना तेल लावण्याचे जे फायदे सांगितले त्यांत बधिरपणाचा उल्लेख आहे. कोणतं वाक्य कोणत्या रुग्णाला लागू करायचं, ही विवेकबुद्धीच वैद्याची खरी परीक्षा असते.

अनवाणी चालण्याबद्दल हे मी शेगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या खासदारांना लिहिते आहे. दर आषाढीला गजानन महाराजांची पालखी शेगावहून पायी पंढरपूरला जाते. पालखीत आणि वर्षभर गावोगावहून शेगावला येणाऱ्या दिंड्यांत अनवाणी चालण्याचा नेम करणारे पुष्कळ. तापलेल्या डांबरावर, देवळाच्या फरशीवर निरोगी माणूस पाय उचलतो. बधिर पायाचा माणूस उचलत नाही, संध्याकाळी फोड दिसल्यावर त्याला कळतं. श्रद्धेत मी हात घालत नाही. पण वारीच्या वाटेवर आयुष खात्याचे जे तंबू लागतात तिथे तेल चोळून देण्याआधी ‘साखर आहे का?’ एवढा प्रश्न आणि तळव्यावर एक नजर, इतकं तरी सक्तीचं करता येईल. नेम मोडायचा नसेल तर कापडी मोजा घालून पाळा म्हणून सांगणारा वैद्य वारकऱ्याला पटतो, हा माझा अनुभव आहे.

तेलावरून आठवलं. काशाची वाटी आपल्याकडे घरोघरी आहे. रात्री तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायचं, ही आजीच्या हातची गोष्ट. आता तिचं यंत्र झालं. शहरात काय नि तालुक्यात काय, फिरत्या काशाच्या थाळीवर पाय ठेवून बसायचं, दहा-पंधरा मिनिटांनी तळवे काळे होतात आणि चालवणारा सांगतो, ‘बघा, किती उष्णता बाहेर पडली.’ तो काळेपणा धातू आणि स्निग्ध पदार्थ यांच्या घासण्याचा आहे. शाळकरी पोराचे पाय ठेवले तरी थाळी तितकीच काळी होते. आराम वाटतो, झोप लागते, हे खरं, आणि ज्याला स्पर्श कळतो त्यानं खुशाल करावं. पण बधिर तळव्याची कातडी घासून निघाली तरी त्याला कळणार नाही, आणि भेगांत घर्षण म्हणजे जंतूंना उघडं दार. हातानं, हळू, रोज केलेलं पादाभ्यंग मी आजही सांगते. नस त्यानं उगवते असं मी म्हणत नाही. कातडी मऊ राहते, भेगा कमी होतात आणि रोज रात्री कुणाचा तरी हात आणि डोळा त्या पायावरून फिरतो. माझ्या मते या उपचाराचा निम्म्याहून जास्त गुण त्या फिरत्या हातात आहे.

बिब्ब्याबद्दल मात्र मला आवाज चढवावा लागेल. टाचेच्या भेगा, ठणका, काटा मोडलेला, कशालाही गरम बिब्बा टेकवण्याची आपल्या भागातली रीत आपण लहानपणापासून पाहिली असेल. बिब्बा, म्हणजेच भल्लातक, हे औषधी कायद्याच्या ई-१ अनुसूचीतलं विषारी द्रव्य आहे, त्याच्या औषधाच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावा लागतो. तेच फळ किराणा दुकानात मूठभर मिळतं. ज्याला भाजल्याचं कळत नाही अशा पायावर बिब्बा, गरम वीट, शेकाची पिशवी, उकळत्या पाण्याचं घमेलं यातून झालेल्या जखमा मी बांधल्या आहेत. अग्निकर्म, म्हणजे तापल्या शलाकेनं डाग देण्याचा उपचार, करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही मी हेच सांगते: आधी संवेदना तपासा, मग शलाका तापवा.

आणि भस्मं. प्रमेहात त्रिवंग भस्म देण्याची परंपरा आहे. त्रिवंग म्हणजे नाग, वंग आणि यशद, म्हणजे शिसं, कथील आणि जस्त. शिशानं नसा बिघडतात हे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या काळापासून जगाला माहीत आहे. नीट मारण-शोधन झालेलं भस्म निर्धोक असतं, असं आम्हाला शिकवलं. नीट झालं आहे की नाही, हे बाटलीकडे बघून मला कसं कळावं? २००४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आमच्या संघटनांनी तेव्हा ओरड केली ती अभ्यासाविरुद्ध. खरं तर ती आपल्या बाजारातल्या ढिसाळपणाविरुद्ध करायला हवी होती. नसा आधीच आजारी असलेल्या माणसाला शिसं असलेलं औषध देताना त्या घाण्याचा, म्हणजे बॅचचा, तपासणी अहवाल वैद्याच्या हातात हवा. आपलं मंत्रालय ते एका आदेशानं करू शकतं. तोवर मी मधुमेही रुग्णाला त्रिवंग लिहीत नाही, आणि काही ज्येष्ठ वैद्य त्यावरून माझ्यावर नाराज आहेत.

जाहिरातींचं काय करायचं ते आपणच सांगा. ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा १९५४ चा. त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचं नाव आहे. म्हणजे मधुमेह बरा करतो अशी जाहिरात या देशात सत्तर वर्षं बेकायदा आहे. आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी परवानगी घ्यायला लावणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. आपण मंत्रालयात आलात जून २०२४ मध्ये, आणि १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेनं तो नियम वगळण्यात आला. सर्वोच्च न्यायालयानं त्याच ऑगस्टमध्ये वगळण्याला स्थगिती दिली, पुढे २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघालं. प्रक्रिया आपल्या आधीपासून चालू होती, मान्य. तरी आज स्थिती अशी की मी माझ्या रुग्णाला ‘हे आयुष्यभर सांभाळायचं दुखणं आहे’ म्हणते आणि त्याच्या खिशातला मोबाइल त्याला ‘९० दिवसांत गोळी बंद’ सांगतो. तो मोबाइलचं ऐकतो. गोळी बंद करतो, इन्शुलिन बंद करतो, आणि सहा महिन्यांनी लंगडत येतो. यात बदनामी होते ती आयुर्वेदाची. जाहिरातवाल्याचा पैसा तर वसूल झालेला असतो.

आधुनिक औषधांकडे यावर मंत्र आहे असंही नाही. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन या गोळ्या ठणका कमी करतात, गेलेला स्पर्श आणून देत नाहीत. साखर ताब्यात ठेवली तर नसांचं नुकसान लांबतं, हेच काय ते पक्कं. आयुर्वेदिक औषधांवरचे या विषयातले अभ्यास बहुतेक लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत. मोठे, नीट रचलेले अभ्यास करायला आपल्या केंद्रीय संशोधन परिषदेला कुणी अडवलेलं नाही. मी तर म्हणेन, त्यात मोजायची गोष्ट ‘बरं वाटतं का’ ही नको. जखमा किती टळल्या, बोटं किती वाचली, हे मोजा.

एक बारीक पण रोजच्या कामाची गोष्ट. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ उतरतं, आणि बी-१२ च्या कमतरतेनंही अशाच मुंग्या येतात, असाच बधिरपणा येतो. आपल्याकडे शाकाहारी आणि माळकरी घरं भरपूर, तिथे ही शक्यता दुप्पट धरून चालावं. वैद्यानं याला वातवृद्धी म्हणून सहा महिने तेलपाणी केलं तर एका सुईनं सुधारणारं दुखणं कायमचं होऊन बसतं. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मधुमेह्याला सहज मिळाली पाहिजे आणि ती लिहून देण्याची शिस्त आम्हा वैद्यांनाही लागली पाहिजे.

आता मूळ मागणी. पहिला राष्ट्रीय आयुर्वेद दिन २८ ऑक्टोबर २०१६ रोजी साजरा झाला तेव्हा विषय मधुमेहच होता. गोव्याचे श्रीपाद नाईक तेव्हा मंत्री होते आणि ‘मिशन मधुमेह’ची घोषणा त्याच वेळची. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. एवढ्या लोकांचे पाय बघणार कोण? आपल्या राज्यात उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून मोठ्या संख्येनं बीएएमएस मुलं-मुली बसल्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहेत, १०८ च्या रुग्णवाहिकेत आहेत. खेड्यातल्या मधुमेह्याला जो पहिला पदवीधर भेटतो तो बहुधा आमच्यातलाच असतो.

पाय बघायला यंत्र लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटानं अगदी हलका, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळलं की त्यानं ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन ठिकाणी ‘हो’ आलं नाही तर पाय धोक्यात आहे असं समजायचं. एक मिनिटही लागत नाही. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा आम्ही पहिल्या वर्षापासून घोकतो, तिचा याहून सरळ उपयोग कोणता? मधुमेहाचं निदान झालं त्या दिवशी आणि नंतर दरवर्षी ही परीक्षा, आणि केसपेपरवर तिचा रकाना. रकाना नसेल तर परीक्षा होत नाही, हा सरकारी कागदाचा स्वभाव आपण जाणताच.

कुष्ठरोगाच्या कामानं महाराष्ट्राला यातलं बरंच काही आधीच शिकवलेलं आहे. बधिर पाय सडतात ते आतल्या रोगानं नव्हे, न कळलेल्या इजांनी, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांमध्ये काम करताना दाखवलं आणि तीच दृष्टी पुढे मधुमेही पायांना लागू झाली. रोज पाय बघा, भेगा भिजवून तेल लावा, मऊ तळाची चप्पल घाला, हे विदर्भातल्या कुष्ठकार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात एमसीआर रबराची मऊ चप्पल सरकार देतं. मधुमेहानं तितकेच बधिर झालेले पाय मात्र बाजारातली शंभराची प्लास्टिकची चप्पल घालून शेतात जातात. आशाताई घरोघरी जो सीबॅकचा, म्हणजे आजारांच्या जोखमीचा, फॉर्म भरतात त्यात तळव्याला मुंग्या येतात का, संवेदना गेली का, असे प्रश्न आहेत, पण ते कुष्ठरोगाच्या संशयासाठी. तिथे ‘हो’ आलं आणि कुष्ठरोग निघाला नाही, तर त्या माणसाची साखर आणि पाय त्याच दिवशी बघायचे, एवढी एक ओळ त्या सूचनांत जोडता येईल. फॉर्म आरोग्य खात्याचा, बघणारा हात आयुषचा, आणि सही करणारे दोन्हीकडे आपणच.

आयुर्वेद दिन आता दरवर्षी २३ सप्टेंबरला ठरला आहे. फेरी निघेल, व्याख्यान होईल, काढा वाटला जाईल. यंदा त्या दिवशी प्रत्येक आयुष दवाखान्यात आलेल्या मधुमेही माणसाला चप्पल काढायला सांगावं, असं परिपत्रक आपण काढा. आपल्या मेहकरपासून सुरुवात केली तरी चालेल. माझ्या दवाखान्यात त्या दिवशी किती पाय बघितले, किती जणांना बोटावरचा स्पर्श कळला नाही आणि किती जणांच्या टाचेत त्यांना ठाऊक नसलेली जखम निघाली, याचा कागद मी आपल्या कार्यालयाला पाठवीन. पाठवायचा पत्ता परिपत्रकात द्यावा.

कळावे,
आपली,
वऱ्हाडातली एक वैद्य